सही केली, पण तिचं आधार कार्ड कुणाकडे आहे? (मानवी तस्करीविरोधी कायदे आणि आम्ही कॅथलिक)

सुकेळी | ८ फेब्रुवारी, रात्री ९.१०

आज सकाळच्या मिस्सेनंतरची गोष्ट. दिवसभर डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

८ फेब्रुवारी हा संत जोसेफिना बकिताचा दिवस. २०१५ पासून कॅथलिक चर्च जगभर हा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेसाठी पाळतं. बकिता सुदानमधल्या दारफूरची. सात-आठ वर्षांची असताना तिला पळवलं आणि बाजारात पुन्हा पुन्हा विकलं. धसक्याने पोर स्वतःचं नावही विसरली. 'बकिता' म्हणजे नशीबवान, हे नाव पळवणाऱ्यांनी ठेवलेलं. एका मालकिणीने तिच्या अंगावर पात्याने नक्षी काढून घेतली आणि जखमांत मीठ भरायला लावलं. पुढे ती इटलीत आली. तिथली मालकीण तिला परत सुदानला न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, मी येणार नाही. कनोसा सिस्टर्स तिच्यामागे उभ्या राहिल्या, प्रकरण व्हेनिसच्या न्यायालयात गेलं आणि २९ नोव्हेंबर १८८९ ला निकाल लागला की ही बाई कुणाचीही गुलाम नाही.

फादरांनी प्रवचनात हे फार छान सांगितलं. मला त्यातलं एवढंच लागलं की सिस्टरांनी प्रार्थना केलीच असेल, पण ती सुटली ती कोर्टाच्या कागदाने.

बाहेर दाराशी टेबल मांडलं होतं. घरकामगारांसाठी केंद्राने स्वतंत्र कायदा करावा, या निवेदनावर सह्या. रांग लागली होती. माझ्यापुढे आमच्या वाडीतल्या ओळखीच्या एक बाई आणि त्यांच्याकडे राहून काम करणारी मुलगी. छत्तीसगडमधल्या जशपूरची, कॅथलिक आदिवासी. वय एकोणीस सांगतात. टेबलामागची कॉलेजची मुलगी तिला म्हणाली, 'दीदी, आप भी साइन करो, बस आधार के आखिरी चार नंबर लिखना.' ती बाईंकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, 'तिचं आधार एजंटकडे असतं. अकरा महिने झाले की देतो तो.' अगदी सहज. मग स्वतःची सही केली, पेन जागेवर ठेवलं आणि निघाल्या. मागून ती मुलगी भाजीची पिशवी घेऊन. दोघींमध्ये चार पावलांचं अंतर.

मी त्या बाईंना वाईट म्हणत नाहीये. मुलीला स्वतःबरोबर जेवायला बसवतात, आजारी पडली तर डॉक्टरकडे नेतात. पगार मात्र एजंटच्या खात्यात जातो, तो म्हणे घरी पाठवतो.

तर प्रश्न असा, की कॅथलिक म्हणून आपण तस्करीविरोधी आणि कामगारांच्या कायद्यांना पाठिंबा देतो, म्हणजे नक्की काय करतो? आणि दुसरा अगदी व्यवहारातला. घरात राहून काम करणाऱ्या मुलीशी कुणी लेखी करार केलाय का? त्यात काय काय लिहिलंत? मला त्या बाईंकडे जायचंय, पण हात हलवत नाही जायचं. इतर धर्माच्या मंडळींनीही लिहा, सगळ्यांच्याच घरचा प्रश्न आहे.

बावखल | रात्री ९.३२

आमच्या चर्चमध्येही सह्या झाल्या. मी केली आणि घरी आलो. हे वाचून बायकोला विचारलं, आपल्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव काय? तिला माहीत होतं, मला नाही. नऊ वर्षं येतायत त्या.

लिमलेट | रात्री ९.४०

आधार एजंटकडे?? ताई, सरळ पोलिसात जा. करारबिरार नंतर.

कलम_तेवीस | रात्री १०.२५

@लिमलेट, जरा थांबा. वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर.

संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये 'माणसांचा अपव्यापार' आणि वेठबिगारी यांना मनाई आहे. हा अनुच्छेद सरकारपुरता नाही, तुमच्या-माझ्या घरालाही लागू आहे. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात न्या. भगवतींनी त्याचा अर्थ आणखी पुढे नेला. पोटासाठी नाइलाजाने किमान वेतनाहून कमी पैशांत राबणं हीसुद्धा वेठबिगारीच, कारण भूक हीदेखील जबरदस्ती आहे.

फौजदारी बाजूने भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे. फसवून, धाक दाखवून, अधिकाराचा गैरवापर करून किंवा आमिष दाखवून एखाद्याला शोषणासाठी आणलं तर ती तस्करी. 'ती स्वतःच्या मर्जीने आली' हा बचाव तिथे चालत नाही. नुसतं आधार ठेवून घेतलं म्हणून १४३ सिद्ध होणार नाही. पण आधार ठेवलं, पगार मधल्या मधे वळवला, अकरा महिने घरी जाऊ दिलं नाही, हे सगळं एकत्र आलं की चित्र बदलतं.

सुकेळीताई, तीन गोष्टी बघा. मुलीचं खरं वय किती? 'एकोणीस सांगतात' हे तुमचे शब्द मला खटकले. एजंटकडे परवाना आहे का? छत्तीसगडमध्ये खाजगी प्लेसमेंट एजन्सींसाठी २०१३ पासून कायदा आहे, परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. आणि बाईंनी पैसे बँकेतून दिले की रोख? बँकेतून दिले असतील तर ती नोंद जपून ठेवायला सांगा.

परखड_पाटील | रात्री ११.०२

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. चर्च तस्करीविरोधी कायदा हवा म्हणतं. मग जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर दोन नन्सना मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा हेच लोक रस्त्यावर का उतरले? कायदा आपल्याला लागला की छळ आणि दुसऱ्याला लागला की न्याय? आदिवासी मुलींना परराज्यात कामाला नेण्याची साखळी कुणाच्या शाळा-वसतिगृहांतून सुरू होते, हाही प्रश्न विचाराच.

निर्मळकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

पाटील, प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर देतो. दुर्गच्या प्रकरणात नारायणपूरच्या तीन तरुणी होत्या. आमच्या संमतीने कामाला जात होत्या, असं त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं. त्या सिस्टर्सना २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला. खटल्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. लोक रस्त्यावर आले ते कायद्याविरुद्ध नाही. स्टेशनवर जमावाने घेरायचं आणि नंतर पोलिसांनी कलमं शोधायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. 'सिस्टरांच्या ओळखीने आली' म्हटलं की आपण कागद मागत नाही. एजंटांनाही हे ठाऊक असतं. गळ्यात क्रूस घालून, फादरांचं नाव सांगून मुली नेणारे दलाल असतात. जशपूरसारख्या भागात, जिथे गावंच्या गावं कॅथलिक आहेत, तिथे आईबाप त्या क्रूसावरच विश्वास ठेवतात. म्हणून कायदा आम्हालाही लागू व्हायला हवा, आम्हाला आधी.

परखड_पाटील | सकाळी ७.५०

शेवटचं वाक्य लिहिलंत, बरं वाटलं.

लिफीकाठची | सकाळी ११.४८

डब्लिनमध्ये चौदा वर्षं झाली. इथे राहून या विषयावर गप्प बसवत नाही.

आयर्लंडमध्ये धर्मभगिनी चालवत असलेल्या मॅग्डलीन लाँड्र्या होत्या. कुमारी माता, अनाथ मुली, घरच्यांना 'नकोशा' झालेल्या मुली तिथे ठेवायच्या आणि हॉटेलांचे, हॉस्पिटलांचे कपडे त्यांच्याकडून फुकट धुऊन घ्यायचे. बाहेरून दारं बंद, नावंसुद्धा बदललेली. १९२२ नंतर सुमारे दहा हजार बायका तिथून गेल्या. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली, मी तेव्हा दहावीत होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली. नुकसानभरपाईच्या निधीत पैसे घालायला मात्र लाँड्र्या चालवणाऱ्या धर्मभगिनींच्या चारही संघांनी नकार दिला.

आमच्या शेजारच्या आजी अजूनही उकळत्या स्टार्चच्या वासाने खिडकी लावून घेतात. कशामुळे ते एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही.

बकिताचं नावसुद्धा पळवणाऱ्यांनी ठेवलं होतं, हे सुकेळीने लिहिलंय. इथे मुलींची नावं सिस्टरांनी बदलली. चर्चने कायद्याला पाठिंबा द्यावा, जरूर द्यावा. पण ज्यांनी स्वतः बायकांना बिनपगारी राबवलं त्यांनी आधी हिशेब द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

सुकेळी | दुपारी १.०५

@लिफीकाठची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असू नये असंच वाटतं. मी स्वतः कॉन्व्हेंटात शिकले, तिथल्या सिस्टरांनीच मला घडवलं. तरीही तुमचं खरं आहे.

@कलम_तेवीस, पैसे गूगल पेने जातात असं बाई बोलल्या होत्या. वयाचं बघते.

वांद्र्याची_आत्या | दुपारी ३.४०

मी कॅथलिक नाही, पण बारा वर्षं घरकामगारांच्या रविवारच्या बैठकांना जातेय.

सिस्टर जीन देवोस या बेल्जियन धर्मभगिनीने १९८५ मध्ये राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. पुण्यात त्याही आधी, १९८० मध्ये मोलकरणींनी स्वतः संप करून संघटना बांधली होती, तेही विसरू नये. या सगळ्यांनी वर्षानुवर्षं रेटा लावला तेव्हा कुठे २००६ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. मंडळ कधी जागं, कधी झोपलेलं, ते जाऊ दे. पण नोंदणीचं कार्ड हातात आलं तेव्हा एक बाई म्हणाली, 'माझ्या नावापुढे पहिल्यांदा कामगार लिहिलं.'

बैठकीतली एक गोष्ट सांगते. एक मुलगी आली, लिहिता-वाचता येत नव्हतं. किती तास काम करतेस विचारलं तर सांगता येईना. मग कागदावर घड्याळ काढलं आणि तिच्या हातात खडू दिला. उठवतात तेव्हा काटा कुठे असतो, तिथे रेघ मार. झोपतेस तेव्हा कुठे, तिथेही मार. पहाटे पाच आणि रात्री साडेअकरा. मधला सगळा भाग तिने खडूने भरून टाकला. मग दुपारच्या जागी बोटाने एवढीशी जागा पुसली. म्हणाली, 'यहाँ बैठती हूँ, जब मैडम सोती है.'

लिमलेट | दुपारी ३.५५

घड्याळाचं वाचून काटा आला अंगावर.

कृष्णाकाठ | संध्याकाळी ६.२०

मी सांगलीची. इथे 'तस्करीविरोधी' हा शब्द ऐकला की आम्हाला आधी धाड आठवते.

धर्मसंस्था कायद्याला पाठिंबा देतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या डोळ्यांपुढे वेश्यावस्ती असते. धाड टाका, बायका 'सोडवा', सुधारगृहात ठेवा. सज्ञान बाई म्हणते मला जायचं नाही, तरी तिला महिनोन्महिने कोंडायचं. आमच्याकडे संग्राम ही संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी याविरुद्ध किती वर्षं आवाज उठवलाय. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सज्ञान आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईला पोलिसांनी त्रास देऊ नये. कुलूप लावणारा बदलला म्हणून कोंडणं थांबत नाही. लिफीकाठची यांनी वर लिहिलंच आहे.

निर्मळकर | संध्याकाळी ७.०५

@कृष्णाकाठ, सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवू नये, हे मान्य. पण पंधराव्या वर्षी विकलेली मुलगी पंचवीसची झाली की तिची 'स्वेच्छा' कशी मोजायची? माझी मावशी धर्मभगिनी आहे. अशा मुलींबरोबर तिने आयुष्य काढलं. तिला विचारलं की म्हणते, 'मी सोडवत नाही रे, दार उघडं ठेवून बसते.' धर्मभगिनींचं तलिथा कूम म्हणून एक जागतिक जाळं आहे, २००९ पासूनचं. नाव शुभवर्तमानातलं आहे. मेलेल्या मुलीचा हात धरून येशू म्हणतो, 'मुली, ऊठ.' ऊठ म्हणतो, उचलून नेत नाही.

कृष्णाकाठ | संध्याकाळी ७.३०

तुमच्या मावशीशी माझं भांडण नाही. मावशीच्या हातात कायदा असता तर चाललं असतं, तो पोलिसाच्या हातात असतो. पण वाक्य आवडलं, ठेवून घेतलं.

उचल_फेड | रात्री ९.१५

बीड. मी स्वतः कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेलो नाही, आईबाप गेले. आमच्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसऱ्याच्या पुढं-मागं मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि गाव रिकामं होतं. सहा महिने फडात, पालापाचोळ्याच्या कोपीत. एक दिवस अंग मोडून पडलं तर खाडा, त्याचे पैसे उलट आपणच द्यायचे. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही की बाकी पुढच्या सालावर. खाड्याच्या भीतीनं बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या. २०१९ ला चौकशी झाली, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा काय म्हणतो? उसने घेतलेल्या पैशापोटी बांधून काम करावं लागणं ही वेठबिगारी. मग उचल म्हणजे काय? पण मुक्ती प्रमाणपत्र द्यायचं असतं कलेक्टर-प्रांतांनी, आणि तिथवर जाणार कोण? मुकादम बी गावचाच, भावकीतलाच.

मी शिकलो ते मिशनच्या वसतिगृहात. आईबाप फडावर गेले की आम्ही सहा महिने तिथं. फादर मराठवाड्यातलेच, आमच्यासारख्याच घरातून आलेले. त्यांनी कधी धर्माचं काही म्हटलं नाही. एका साली मुकादम वसतिगृहाच्या दारात आला, बापाची बाकी होती म्हणून माझ्या थोरल्या भावाला न्यायला. फादर दारात उभे राहिले आणि म्हणाले, कागद दाखव. कागद कुठला, तोंडी हिशेब. गेला परत. भाऊ आज एसटीत कंडक्टर आहे. कायदा फादरांनी वाचला होता का, मला म्हाईत नाही. कागद माग, एवढं त्यांना कळत होतं.

बावखल | रात्री ९.२८

दादा, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा करून लिहा. अजून वाचायचं आहे.

नाना_न्यूजर्सी | १० फेब्रुवारी, सकाळी ६.०२

इकडची थोडी माहिती. अमेरिकेत तस्करीपीडितांच्या संरक्षणाचा कायदा २००० च्या ऑक्टोबरात झाला. पीडित बाई-माणूस बेकायदा देशात असला तरी त्याला राहायला व्हिसा मिळतो, हा त्यातला मोठा भाग. इथले कॅथलिक बिशप या कायद्याच्या बाजूने बोलत आलेत आणि मुदतवाढीच्या वेळीही बोलले. पण डाग इथेही आहे. पीडितांच्या मदतीचं सरकारी कंत्राट बिशपांच्या परिषदेकडे होतं. त्या पैशातून गर्भनिरोधक आणि गर्भपाताच्या सेवा द्यायच्या नाहीत, अशी त्यांची अट. कोर्टकज्जा झाला आणि २०११ मध्ये ते कंत्राट पुढे चालू ठेवलं गेलं नाही. बलात्कार सोसून आलेल्या मुलीला काय हवं, ते देणाऱ्याने ठरवायचं की तिने? मला त्यांची बाजू पटली नाही.

पटलेली गोष्टही सांगतो. फ्लोरिडात इमोकॅली गावात टोमॅटो तोडणारे मजूर १९९३ मध्ये तिथल्या चर्चच्या एका खोलीत जमायला लागले. काही मळ्यांत मजुरांना अक्षरशः डांबून ठेवत. त्यांनी मळेवाल्याच्या मागे न लागता गिऱ्हाईक धरलं. मोठ्या खाद्यकंपन्यांना म्हणाले, पाउंडामागे एक सेंट जास्त द्या, आणि जिथे जबरदस्ती सापडेल तिथला माल घेऊ नका. टाको बेलवर चार वर्षं बहिष्कार चालला, २००५ मध्ये कंपनीने मान्य केलं.

बीडच्या दादांचं वाचताना हेच डोक्यात होतं. साखर कोण विकत घेतं, तिथून धरायला हवं.

उचल_फेड | सकाळी ८.४०

नाना, इथं कारखाना म्हणतो मजूर आमचा नाही, मुकादमाचा. मुकादम म्हणतो मी पण मजूरच. गिऱ्हाईक धरायची कल्पना पटली.

दोन_लेकरांची_आई | दुपारी १२.१०

इथे सगळे मालकिणींवर तुटून पडलेत, म्हणून लिहिते. मी नोकरी करते, नवरा बोटीवर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माझ्याकडे राहून काम करणारी मुलगी आहे. एजंटला मी तीस हजार कमिशन दिलंय. ती मधेच गेली तर ते बुडतं, म्हणून माझ्यासारखीला भीती असते. मी काही तिला कोंडत नाही. पण खरं सांगते, तिला आठवड्याची पूर्ण सुट्टी नाही. रविवारी चर्चला दोन तास. कारण त्या दिवशी सासूबाईंचं डायपर कोण बदलणार? मला तरी सुट्टी कुठे आहे?

वांद्र्याची_आत्या | दुपारी १२.५५

@दोन_लेकरांची_आई, खरं लिहिलंत, धीर लागतो. तुमचा थकवा खरा आहे. पण बघा, कमिशनची भीती एजंटने तुमच्या मनात घातली आणि तुम्ही ती तिच्या दाराला कडी म्हणून लावली. पैसे त्याने घेतले आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या पहारेकरी झालात. रविवारी दिवसाची बाई मिळते का बघा. आमच्या बैठकीतल्या दोघी-तिघी आजारी माणसांचं करतात. व्यक्तिगत निरोप पाठवा.

तारवटी | दुपारी ४.३०

मी गोंयचा, काणकोणचा. सव्वीस वर्षं बोटीवर. करार काय असतो ते माझ्याकडून ऐका.

आधी आम्हालाही एजंट लुटायचे. कधी मालक बोट सोडून पळायचा आणि आम्ही नांगरावर बसून. एकदा परदेशी बंदरात आमची पाच महिने अशी गेली. पगार नाही, पाणी मोजून. तेव्हा स्टेला मॅरिसचा पाद्री शिडीने वर चढून आला. ही संस्था १९२० ची, ग्लासगोत सुरू झालेली, दर्यावर्दी लोकांसाठी. त्याने आधी जपमाळ नाही काढली. पिशवीतून सिम कार्डं काढली, म्हणाला आधी घरी फोन करा. मग विचारलं, तुमच्या कराराची प्रत कुठे आहे?

२००६ चा सागरी कामगार करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. बोटीवर चढायच्या आधी सही केलेला लेखी करार, एक प्रत माझ्याकडे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात सत्त्याहत्तर. नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून फी घ्यायची नाही. हे सगळं बोटीवर पाळता येतं, जिथे रात्री तीनलाही इंजिन चालू असतं. मग दोन खोल्यांच्या फ्लॅटात का नाही?

@दोन_लेकरांची_आई, तुमचा नवरा बोटीवर म्हणता. त्याला विचारा, तो सही केल्याशिवाय चढतो का.

दोन_लेकरांची_आई | संध्याकाळी ५.१५

विचारलं. नाही चढत म्हणाला.

लिमलेट | संध्याकाळी ५.२०

अवांतर: सुकेळीताई, तुमचं नाव वाचून आगाशीची सुकेळी आठवतायत. हल्ली मिळतात का कुठे?

सुकेळी | संध्याकाळी ६.४०

मिळतात, पण करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी गोळा करून गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. आमच्या आजीच्या मदतीला दोन वारली बायका असायच्या. मजुरी म्हणून त्यांना काय मिळायचं, हे आज पहिल्यांदाच मनात आलं. आईला विचारलं, ती म्हणाली, 'तांदूळ आणि जुनी लुगडी.'

कलम_तेवीस | रात्री १०.१०

मूळ प्रश्नाकडे येतो. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का ते समिती नेमून ठरवा. प्रकरण होतं छत्तीसगडहून आणून डेहराडूनच्या एका घरात कोंडलेल्या बाईचं. मालकावरचा खटला कोर्टाने रद्द केला, पण निकालात देशभरच्या घरकामगारांच्या स्थितीवर लिहिलं. म्हणजे चर्चच्या दारातल्या त्या सह्या वाया नाहीत.

जिनिव्हात १६ जून २०११ ला घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने बाजूने मत दिलं, पण अजून स्वीकारलेला नाही. फिलिपिन्ससारख्या कॅथलिक देशाने २०१२ मध्ये स्वीकारला आणि २०१३ मध्ये स्वतःचा कायदाही केला. आपल्या सरकारने स्वीकारला नाही म्हणून आपण घरात पाळू नये असं थोडंच आहे? त्यातूनच सुकेळीताईंसाठी मसुदा:

मुलीचं नाव, वय, गाव, घरच्यांचा फोन. काम कोणतं आणि कोणतं नाही (दुकानात किंवा बहिणीच्या घरी पाठवायचं नाही). पगाराचा आकडा, दर महिन्याच्या सात तारखेच्या आत, थेट तिच्या स्वतःच्या खात्यात. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी, आणि त्या वेळेत घरातच थांबायची सक्ती नाही. रात्रीची झोप, आतून कडी लागेल अशी जागा. आधार, पासबुक आणि फोन तिच्याजवळ. आजारपणाचा खर्च मालकाचा, पगारातून कापायचा नाही. सोडायचं असेल तर दोन्हीकडून महिन्याची सूचना. दोन प्रती, मराठीत आणि हिंदीत, तिला वाचून दाखवून.

वांद्र्याची_आत्या | रात्री १०.३५

तिला तिकडची सादरी बोली येत असेल तर सादरीत वाचून दाखवा. हिंदीत ती मान डोलावेल, सादरीत प्रश्न विचारेल.

परखड_पाटील | रात्री ११.००

मसुदा चांगला आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत ठेवतो. आमच्याकडे पोलीस पडताळणीचा फॉर्म नोकराकडून भरून घेतात, मालकाकडून काहीच नाही.

सुकेळी | १५ फेब्रुवारी, रात्री ८.५०

आठ दिवसांनी लिहितेय.

मसुदा छापून बुधवारी बाईंकडे गेले. आधी दुखावल्या. 'मी तिला मुलीसारखं ठेवते आणि तू कागद आणलास?' मी म्हटलं, मुलीचं आधार तुम्ही एजंटकडे ठेवलं असतं का? गप्प झाल्या. मग चहा ठेवला. नंतर त्यांनीच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. तो आधी गोड बोलला, मग कमिशनचं काढलं. कलम_तेवीस यांनी सांगितल्याप्रमाणे मी परवान्याचा नंबर विचारला, छत्तीसगडच्या २०१३ च्या कायद्याचं नाव घेऊन. त्याने फोन ठेवला. शुक्रवारी कुरियरने आधार आलं, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही.

पाकीट मुलीनेच फोडलं. कार्डावर जन्मतारीख आहे. येत्या जूनमध्ये तिला अठरा पूर्ण होतील.

म्हणजे आली तेव्हा सोळाची होती. बाई पलंगावर बसल्या त्या उठेचनात. मला एकोणीसच सांगितलं होतं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आणि मला त्यांच्यावर रागावता येईना, कारण रविवारी रांगेत मीसुद्धा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं नव्हतं.

आमचा कराराचा कागद आता कामाचा नाही. काल आत्यांशी बोलणं झालं, त्यांनी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करून दिला. उद्या अकरा वाजता बालकल्याण समितीपुढे जायचंय. मी, बाई, आत्या आणि सादरी येणाऱ्या एक सिस्टर. बाई येतो म्हणाल्यात. घाबरल्यात, पण येतायत.

आज मिस्सेनंतर सिस्टरांनी मुलीला सादरीत सगळं समजावलं. समिती काय असते, घरी जाता येईल, इथे राहायचं की नाही तेही तिला विचारलं जाईल. ती खूप वेळ ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, सिस्टरांनी मला मराठीत सांगितलं. 'अकरा महिन्यांचे पैसे घरी पोचले का? आईने तर छप्पर अजून केलेलं नाही.'

@कलम_तेवीस, तिला काय सांगू?

कलम_तेवीस | रात्री ९.०५

तिला सांगा, पैसे तिचेच आहेत आणि आपण ते मागणार आहोत. अठराच्या आतल्या मुलीची कमाई अडकवून ठेवणं हा किशोर न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली वेगळा गुन्हा आहे. बाईंना म्हणावं, एजंटला पाठवलेल्या अकराही महिन्यांच्या नोंदी मोबाइलमधून छापून आणा, तारखेसह. कुरियरचं पाकीट फेकू नका. मुलीच्या आईचं खातं कुठल्या बँकेत आहे ते सिस्टरांना विचारायला सांगा.

मी उद्या साडेदहाला समितीच्या दाराशी असेन. निळा शर्ट.